कूलरचा स्टँड

खोकं आलं तेव्हा शॉपच्या पत्र्याखाली सेहेचाळीस होतं.
आत एक काळं शिरस्त्राण,
एक होल्डर, ज्याला वायर होती पण आग नव्हती,
आणि बत्तीस पानांचं पुस्तक, ज्यात माझं काम
चित्रं काढून मलाच समजावलं होतं.

मी धकाते. आयटीआयत वेल्डर ट्रेडचा निदेशक.
निवृत्तीला चौदा महिने.
डोळ्यांत वाळू घेऊन काढलेल्या रात्री मोजल्या नाहीत.
आई पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची,
सकाळी त्या कोमट निघायच्या, कडेने काळ्या पडलेल्या.
हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.
ते हसतात. मग काच खाली घेतात.

प्रज्वला गजभियेने पहिल्यांदा चढवलं ते डोक्यावर.
आम्हाला दिसत होतं एवढंच:
स्टुलावर बसलेली एक मुलगी
हवेत काहीतरी शिवून राहिली, अगदी सावकाश.
कुठं आहेस गं, विचारलं तर म्हणाली,
"जहाजाच्या पोटात, सर. खालून पाण्याचा आवाज येते."
झिरो माइलच्या दगडाचं हे गाव,
इथून कुठलाही समुद्र सारखाच लांब.
"पण सर, काहीच जळून नाही राह्यलं."
"मग चांगलंच की."
"वास नाही येत जी."

आधी मला राग आला.
मग हिशेब आठवला.
आठवड्याला माणशी तीन रॉड.
चौथा मागणाऱ्यावर मी ओरडायचो,
आणि घरी जेवताना त्याचं तोंड आठवायचं.
ही पोरगी एका दुपारी नव्वद वेळा चुकली.
नव्वद!
दर वेळी लोखंड पुन्हा कोरं.
मी आयुष्यात कोणालाच
एवढ्या चुका देऊ शकलो नाही.

अंकुश निखारे रात्री दोनला फोनवर बघतो
कुठल्याशा परक्या बंदरावरचा एक म्हातारा वेल्डर.
भाषा कळत नाही, मनगट कळतं.
करंगळी टेकवून हात सरकवायची त्याची रीत
अंकुशने मला दाखवली,
एकतीस वर्षांत मला सुचली नव्हती.
म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला नमस्कार कळव माझा."
"तो वारला जी. व्हिडिओ राह्यला."

संध्याकाळी शॉप रिकामं झालं.
दार लोटून घेतलं आणि मीही चढवलं.
जहाज आलं. पाणी आलं.
गुण आले: अठ्ठावन्न.
आतली बाई शुद्ध मराठीत म्हणाली,
"हात स्थिर ठेवा."
हेच वाक्य मी किती पोरांच्या कानाशी बोललो असेन.
ऐकणाऱ्याला कसं वाटतं
ते आज कळलं.

मग खरा जॉब.
पडद्यावर चौऱ्याण्णव घेणारी प्रज्वला
पहिल्याच ठिणगीला होल्डर टाकून पळाली.
ठिणगी बाहीतून आत गेली होती.
मी काही बोललो नाही, मलमाची ट्यूब शोधत राहिलो,
ती जिथं असते तिथंच होती.
ती परत आली. बाहीची बटणं लावली, काच पाडली.
"डोळे राहू दे," म्हटलं, "कानाने बघ.
तापल्या कढईत भजी बोलतात ना, तसा आवाज.
तो तुटला की हात चुकला."

त्याच आठवड्यात तिने कूलरचा स्टँड केला,
इंदोऱ्यातल्या घराच्या खिडकीखाली बसेल असा.
मला बोलावलं. खस नवीन, नुकती भिजत होती.
टाकीत पाणी चढलं: वीस लिटर, चाळीस, साठ.
तिची आई स्टँडकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी मागच्या डाव्या पायाकडे.
तिथं बीड जराशी वाकडी गेलीय,
एका जागी दाणा साचलाय,
जिथं तिचा हात थबकला असेल.
तिलाही ठाऊक आहे.
तो कोपरा तिने भिंतीकडे केलाय.

पंखा फिरला. पडदा फुगला.
स्टँड हलला नाही.