जामीन

मिरकरवाड्याच्या जेटीवर, बर्फ कारखान्याच्या माडीवर
सोसायटीची एक खोली आहे, बारा महिने एसी लावलेली.
आत कपाटाएवढं यंत्र, बारा डिस्कांचं.
कुठल्या बोटीनं किती डिझेल उचललं,
कुणाला सुरमई लागली, कुणाला नुसतीच तारली,
सगळं त्यात.

पडद्यावर येतं, "नोंद जतन झाली."
खोटं असतं ते. अजून झालेली नसते.
ती उभी असते ओसरीवर, चपला काढून,
कंट्रोलरच्या तात्पुरत्या आठवणीत.
डिस्कच्या घरात तिला जागा मिळायची असते.
तेवढ्यात वीज गेली तर
ओसरीवरचं कुणीच उरत नाही.

हे खोटं खपतं, कारण पत्र्याच्या मागे
काडेपेटीहून जराशी मोठी एक बॅटरी
जामीन राहिलेली असते.
बहात्तर तास धरून ठेवीन, म्हणते.
आणि आमच्याकडे वीज जाते म्हणजे जातेच.

जामीनदाराची पत कुणी बघायची?
तीच बघते.
आपला ताप, आपला दाब,
आत आलेला, बाहेर गेलेला विजेचा थेंब न् थेंब
नखाएवढी एक चिप मोजत राहते,
ओठ न हलवता नोटा मोजणाऱ्या बाईसारखी.
पण मोजणीतही चूक साचत जाते.
म्हणून दर तीन महिन्यांनी, एका रात्री,
ती स्वतःला रिकामी करते. मुद्दाम.
मग पुन्हा भरते, आणि बघते
आपल्यात आता किती मावतं.

त्या रात्रीपुरती ती जामीन राहत नाही.
तसं आधी लिहून कळवते.
मग यंत्रही खरं बोलायला लागतं,
नोंद डिस्कवर टेकल्याशिवाय "जतन" म्हणत नाही.
सगळं हळू होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी
दिवा नारिंगी होता. खाली एकच ओळ:
क्षमता मूळच्या एकोणचाळीस टक्के. बदला.
जिन्यावर पावतीसाठी रांग, पार बर्फाच्या चरकापर्यंत.
सेक्रेटरी शिवलकर म्हणाले, दिवा लागतोय की!
म्हणजे बॅटरी चालू आहे. चालवा.
त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं,
"बॅटरी खराब असली तरी" असा एक चौकोन असतो.
एक टिचकी मारा, भाटकरबाई.

मारली होती मी ती टिचकी, एकदा, जयगडला.
अकरा नोंदी गेल्या.
त्यातली एक एका खलाशाच्या विम्याची.
त्याबद्दल मी फार बोलत नाही.

माऊसवरचा हात मी मांडीवर घेतला.
शिवलकर चिडले. रांगेतून कुणी शिटी मारली.
हलिमा वस्ता दारात उभी, डोक्यावर पापलेटाची पाटी,
पाणी माझ्या पुसलेल्या फरशीवर गळतंय.
म्हणाली, "रव दे की गो.
तिनं सोताच सांगितलान ना, जमत नाय म्हनून?
आमच्या घरात येवडा कोन सांगतो?"

लिलाव दहापर्यंत लांबला.
दोघांचा बर्फ वाया गेला, त्यांनी मला ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एसटीनं पार्सल आलं.
जुनी काढली. पोट किंचित फुगलेलं, कोमट.
तिच्यावर तारखेची चिठ्ठी होती, माझ्याच अक्षरातली,
चार वर्षांपूर्वीची, सात हा आकडा तेव्हा मी वेगळा काढायचे.
खारानं हिरवे झालेले संपर्क पुसून नवी बसवली.
तीही लगेच जामीन राहिली नाही.
आधी भरणार, मग रिकामी होणार, मग परत भरणार.
आठ तास, पडदा म्हणाला.

मी खाली उतरले.
ओहोटी लागली होती. बोटी चिखलात तिरक्या टेकलेल्या.
इस्माईल होडेकर आपल्या बोटीच्या पोटाखाली वाकून
बोटाच्या पेरानं फळी न् फळी ठोकत होते,
कान लावून.
एका जागी परत ठोकलं.
खिशातून खडू काढला, खूण केली,
आणि पुढच्या फळीकडे सरकले.