आधी मीठ

आधी मीठ, मग व्हिनेगर.
उलट केलंत तर कागद भिजतो,
मीठ वरच चिकटतं, आणि पहिल्या घासालाच ठसका.
हे मी नव्या पोराला, कॅलमला, सोमवारपासून सांगतेय.

हेसल रोडवर शुक्रवारी रांग दारापर्यंत.
पुढे मिसेस प्राउडलव्ह. हॅडॉकच हवा.
कॉड म्हणजे ओला कापूस, असं तिचं म्हणणं,
आणि जिभेला हाड नसल्यामुळे
ते ती कॉड घेणाऱ्याच्या कानाशीच म्हणते.
घोटलेला मटार वेगळ्या वाटीत.
चिपला मटार शिवला तर पुडा परत.

टेरेन्सला सगळं एकावर एक:
मटार, पिवळी करी, त्यावर चिप स्पाइस,
ती आमची लाल भुकटी,
जी हलच्या वेशीबाहेर कुणी फारसं ओळखत नाही.

एडिंबराची एक मुलगी आली होती, युनिव्हर्सिटीतली.
म्हणाली, मीठ आणि सॉस.
कुठला सॉस?
तपकिरी, पातळ, बाटलीतून शिंपडायचा.
नाही म्हटलं, तर चेहरा एवढासा झाला.
मग मी ब्राउन सॉसमध्ये व्हिनेगर ओतलं, खडखडून हलवलं.
"जवळपास," म्हणाली.
बाकावर बसून सगळं संपवलं तिने, कागदासकट चाटून.

खरं सांगायचं तर ते व्हिनेगरही नव्हे.
पाणी, आम्ल, रंग. कॅनवर बारीक अक्षरांत लिहिलंय.
आणि लोक डोळे मिटून वास घेतात,
म्हणतात, नोरीन, असं आंबटढाण दुसरीकडे मिळत नाही.

साडेसहाला विल्फ ग्रॅन्सबी.
एकोणीस वर्षं ट्रॉलरवर, आइसलंडच्या बाजूला.
मासा घेत नाही.
सेज घातलेली बटाट्याची पॅटी, चिप्स,
वर तळणीतला चुरा मूठभर, फुकटातला.
कारण सगळ्या रांगेला माहीत आहे.
कुणी म्हणतं भाऊ बुडाला, कुणी म्हणतं मेव्हणा,
टेरेन्सच्या मते अख्खी बोट.
तो आत आला की आवाज आपोआप खाली येतात.

एकदा मी विचारलंच.
"भाऊ ब्रिडलिंग्टनला असतो," म्हणाला, "कबुतरं पाळतो.
मला काटे आवडत नाहीत."

मी कुणाला बोलले नाही.
हीटरजवळची जागा लोक त्याच्यासाठी सोडतात.
त्याच्या गुडघ्यांना बरी.

आज कॅलमने त्याच्याच पुड्यावर
आधी व्हिनेगर मारलं, मग मीठ.
मी डोळे वटारले. रांग थबकली.
विल्फने एक चिप उचलली, बराच वेळ चावली.
"हे बरंय की."
मिसेस प्राउडलव्हच्या हातातला लाकडी काटा खाली पडला.

साडेनऊला शटर. चरबीचा वास केसांत, कानांमागे.
कॅलम लादी पुसता पुसता विचारतो,
"तू काय घालून खातेस?"
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
घरी जा म्हटलं, उशीर झालाय.

मग पांढरा ब्रेड, लोणी, उरलेल्या गार चिप्स,
बाहेरचा दिवा आधी बंद,
आणि काउंटरखालची ती बाटली:
टोमॅटो केचप.
हॅडॉकवरसुद्धा.