दहिवेलच्या अलीकडे

मी गावं किलोमीटरच्या दगडांवरून ओळखत नाही.
सोनगड म्हणजे पुढच्या एक्सलचा टायर,
नवापूर म्हणजे हवेचा पाइप, उन्हानं कुरतडलेला,
विसरवाडी म्हणजे रात्री दोनला विझलेले मागचे दिवे
आणि हिलालनं ट्रेलरच्या शेपटीला टांगलेला कंदील.
कोंडाईबारीचा घाट मात्र गाडीनं एका दमात काढला.
तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चौपन्न मीटरचं पातं आमच्या पाठीवर,
पवनचक्कीचं, तिनांतलं एक.
बाकीची दोन डोंगरावर पोचलीसुद्धा.
कंपनीचा माणूस फोनवर ओरडतो,
"तीन पात्यांशिवाय चक्की फिरत नाही, गिरासे!"
फिरत नाही, साहेब.
ट्रेलर पण चाकाशिवाय फिरत नाही.

उजवीकडचं शेवटचं चाक. आधी कण्हलं,
मग धूर. हिलालनं उडी टाकली, हबवर पाणी ओतलं,
ते फोडणीसारखं चर्र झालं.
बेअरिंग.
आम्ही दोघं उगाच चाकाभोवती फिरलो,
मी एक लाथ मारली. सगळेच मारतात.
लाथेनं गाडी सुरू होत नाही,
ड्रायव्हर होतो.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग आलं धुळ्याहून
एसटीतून, कंडक्टरच्या पायाशी, गोणपाटात गुंडाळलेलं.
युनूस मिस्त्रीनं ते तळहातावर तोललं
आणि न मोजताच परत गुंडाळलं.
"हे दुसऱ्या कुणाच्या नशिबाचं आहे."
एका सुताचा फरक.
एका सुतासाठी चौपन्न मीटर रस्त्याकडेला.

कांदा लावणाऱ्या बाया बांधावरून बघत होत्या.
त्यांतली केसरबाई पुढे आली,
"गाडी बसनी का भाऊ?"
बसली, माय.
"मंग आपुनबी बससूत."
दुपारची पात्याची सावली शेताकडेला पडलेली,
अरुंद, लांबच लांब,
तिच्यात बाया एका ओळीत जेवायला बसल्या.
बुंध्याशी म्हाताऱ्या, ऐसपैस,
मग सुना, गुडघे जवळ घेऊन,
पातं निमुळतं होत गेलं तिथं एक पोरगं,
मग शेळी,
मग शेळीचा नुसता दोर.
आम्हांला कळण्याची भाकरी मिळाली, वर ठेचा.
हिलालच्या डोळ्यांतून पाणी आलं,
तो म्हणाला, मिरचीचं.

घरून फोन. "कुठे आहात?"
दहिवेलच्या अलीकडे.
"काल?"
दहिवेलच्या अलीकडे.
"बरंय," ती म्हणाली, "निदान हरवत तरी नाही."

रात्री वारा सुटला, थंडीचा, डोंगरावरून.
पातं साखळ्यांत थरथरायला लागलं,
आतून पोकळ हुंकार,
जसं कुणी मोठ्या रांजणात तोंड घालून बोलतंय.
मी उठून सगळे पट्टे तपासले, हातानं, एकेक.
घोंगडीतून हिलाल,
"त्याले समजनं का, कथा जानं शे ते?"
मी म्हटलं, झोप.
मला नाही झोप लागली.
वीस वर्षं मी सिमेंट वाहिलं, सळया वाहिल्या,
एकदा साखर कारखान्याचा बॉयलर.
ओझं मुक्कामाचं नाव काढून हाललं, असं
कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी युनूस स्वतःच गेला, स्वतःच आला,
मोटारसायकलच्या टाकीवर नवं बेअरिंग,
लहान मुलासारखं पुढ्यात धरलेलं.
ग्रीस कोपरापर्यंत.
चाक फिरवून त्यानं पान्याचं एक टोक हबला लावलं, दुसरं कानाला,
डोळे मिटले.
आम्ही श्वास धरला. रस्त्यावरच्या गाड्यांना कोण सांगणार.
"जा," तो म्हणाला.

सकाळी निघालो.
आरशात केसरबाई दिसली, बाकीच्याही,
बांधावर, उन्हात.
सावली मी घेऊन चाललो होतो.
हॉर्न दिला, एकदाच, लांब.

आता पाच किलोमीटर झाले.
हिलालनं खिडकीबाहेर मान काढलेली आहे.
"काही ऐकू येतंय?"
"काहीच नाही."
हे काहीच न येणं
मला बरं वाटत नाही.