उजवी बाजू

पुंता अरेनासमध्ये वारा उठला की
चौकाचौकांत दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
अशा दिवशी फेरीबोट सुटत नाही.
पोर्वेनीरची तिकिटं मी खिडकीतून परत घेते.
पोर्वेनीर म्हणजे आमच्या भाषेत भविष्यकाळ.
लोक ओशाळून हसतात. मी शिक्का मारते: रद्द.

मग घरी येऊन शेगडी पेटवते
आणि ओर्वानला उठवते.

ओर्वान, किल्ल्याचा पहारेकरी.
सातव्या प्रकरणात त्याला दरवाजा उघडावाच लागतो,
आणि धाकटा भाऊ जातो.
पडद्यावर दोन उत्तरं दिलेली असतात:
‘उघडतो.’ ‘नाइलाज आहे.’
कुठलंही दाबा, बिजागरी तशीच करकरते.

नाहुएल, माझा भाचा, वय अकरा, म्हणतो,
मग यात खेळायचं काय, मावशी?

खेळायचं हे, की माझा ओर्वान
कुणाच्या घरात शिरताना धावत नाही.
बटण दाबलं तर धावेल, उधळलेल्या घोड्यासारखा.
मी दाबत नाही.
गरिबांची मडकी फोडून नाणी काढत नाही,
आणि पोतं भरून वाहिलं तरी
एक पत्र्याचा पेला बाळगतो.
किंमत दोन नाणी. उपयोग शून्य.
‘विक ना,’ नाहुएल कळवळतो, ‘तेवढ्या जागेत ढाल मावेल!’
ढाल नव्हती म्हणून दलदलीत तीनदा मेलो
एकाच रेड्याच्या शिंगांवर.

आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.
कथेत असं कुठेही नाही. मी ठरवलं.
म्हणून कुणी बोलायला आलं की आधी त्याला फिरवते,
बोलणारा उजव्या हाताला येईल असा.
लोहार, जकातदार, मीठ विकणारी ती म्हातारी,
सगळे थांबतात. खेळाला घाई नसते.
घाई नाहुएलला असते.

डावा कान कुठून आणला
हे त्याला मी सांगितलेलं नाही.
गोदी, हातोडे, जेवणाच्या टेबलाशी
माझी लहानपणापासून ठरलेली खुर्ची...
असू दे.

परवा, वाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी, सातवं प्रकरण आलं.
दरवाजापाशी मी त्याला उभा केला. तासभर.
शत्रू पलीकडे ताटकळला,
तेच बर्फ पडत राहिलं,
तेच चार सूर फिरून फिरून.
मी चहा केला. पेला आहे का बघितलं. होता.
मग दाबलं: ‘उघडतो.’
माझा माणूस सबबी सांगत नाही.

त्यापुढे आपला हात चालत नाही,
दृश्य आपणहून पुढे जातं.
भाऊ पडला. पडता पडता
काहीतरी पुटपुटला, डावीकडून,
आणि ओर्वान वळला.

‘ऐकू आलं त्याला!’ नाहुएलने टाळी पिटली. ‘हरलीस!’

मी शेगडीत लाकूड सरकवलं.
वारा छपराचा पत्रा उचकटू बघत होता.
ऐकू नाही आलं रे, म्हटलं शेवटी,
मानेला श्वास लागला. गरम.
तेवढ्यानेही वळतात माणसं.

त्याला काही ते पटलं नाही.
आठव्या प्रकरणाला त्याने खेळ माझ्या हातून काढून घेतला
आणि धावत, धडकत, मडकी फोडत
निघाला माझ्या ओर्वानला घेऊन.
पहिल्याच दुकानात पेला विकला. दोन नाणी.

दुकानदार उजव्या हाताला होता.
मुद्दाम की आपसूक,
मी विचारलं नाही.