चेतवलं म्हणजे

निपाणीच्या कोर्टात मराठीचं कानडी करणं
हे माझं पोट. पानामागं अठरा रुपये.
हौसाक्का मगदूम, वय बावन्न, धंदा तंबाखू चाळणं,
कठड्यावर हात ठेवून म्हणाली,
"व्हय, मी चेतवलं बायकांस्नी."

पेन तिथंच थांबलं.

वखारवाल्याच्या फिर्यादीत आधीच टंकलेलं होतं :
प्रचोदिसिदळु. म्हणजे चिथावलं.
वर कलम, खाली सही.
तोच शब्द उचलून इकडं ठेवला असता
तर कुणी हटकलं नसतं,
जेवायला वेळेत सुटलो असतो.

तरी विचारलं, आक्का, चेतवलं म्हणजे काय केलंत?

"म्हंजे काय? पहाटं चूल कशी चेतवतोय?
राखंत इंगळ असतोयच की रातचा.
वरची राख सारायची, काटकी ठेवायची, फुंकायचं.
बेतानं. लई फुंकलं की राखच डोळ्यात.
इंगळ माझा न्हवं, साहेब. फुंकर तेवढी माझी.
खोकला सगळ्यांचा हाय, म्हटलं,
मग खिडकी एकटीनंच का मागायची?"

कोर्टात हसं पिकलं.
साहेब पाणी प्यायले.

चिथावणारा काडी टाकून लांब उभा राहतो.
भरीस घालणारा तर दारातूनच परततो.
चेतवणाऱ्याला गुडघ्यावर बसावं लागतं
चुलीच्या तोंडाशी तोंड नेऊन,
धूर पहिला त्यालाच.
तिचे डोळे तांबडेच होते. तंबाखूनं म्हणा.

कानडीत शोधू लागलो.
ओले हच्चु, चूल पेटवणं : कोर्टाच्या कागदाला नको.
मग आठवलं, हुरिदुंबिसु.
हुरी म्हणजे पीळ, दोरीचा, सुताचा.
तुंबिसु, भरणं.
उलगडत चाललेल्या धाग्यात पीळ भरणं.
आईचा शब्द. ती चिकोडीची,
रागवायची मराठीत, धीर द्यायची कानडीत.

तोच लिहिला. वकिलानं हरकत घेतली.
साहेबांनी दोन्ही शब्द मोठ्यानं वाचले,
पुन्हा वाचले,
आणि पुढची तारीख दिली.

जिन्यात हौसाक्का भेटली. "काय लिवलंस रं?"
सांगितलं, पीळ भरला असं लिहिलं.
तिनं पदर झटकून खांद्यावर घेतला,
तपकिरी धूळ उडाली, मला शिंकांवर शिंका.

"हां," ती म्हणाली,
"चेतला म्हणायचा."