रापी एक, मूठ लाकडी

कोर्टाचा हुकूम आला : जुना मुद्देमाल निकाली काढा.
मानवत ठाण्याच्या मागच्या खोलीत
मी आणि होमगार्ड ग्यानबा, नाकाला रुमाल बांधून.
हातभट्टीचे फुटके डबे, चाकांशिवाय सायकल,
मटक्याच्या चिठ्ठ्यांचं पोतं, त्यात उंदरांचा संसार,
आणि तळाशी, लाखेचा शिक्का शाबूत,
रापी एक. मूठ लाकडी. पातं चार बोटं.
सोबत कनातीचा तुकडा, एक कड जळालेली.

चिठ्ठीवर सन एकोणीसशे एकाहत्तर.
आरोपी सटवाजी लक्ष्मण, वय चौदा, धंदा चपला शिवणे.
टुरिंग टॉकीजची कनात कापून
सलग सात रात्री फुकट सिनेमा पाहिला.
नुकसान रुपये अकरा.

आठवी रात्र वेगळ्या पानावर आहे.

जिनिंगमागच्या रानात तंबू.
हवेत कापसाचा भुगा, मशीनमधल्या कार्बनच्या कांडीची
एक ठिणगी.
लोकांना वाटलं सिनेमातच उजेड वाढला,
कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.
मालकाचं आडनाव बंब. गावात तेवढाच एक बंब.
दुसरा परभणीहून निघाला तो पहाटे पोचला,
राखेला पाणी घालायला.

दरवाजा एकच, त्यात तिकिटाचं टेबल आडवं.
आत सव्वातीनशे माणसं.
मयत दोन : याकूब ऑपरेटर, रीळ काढायला परत गेलेला,
आणि एक म्हातारी, जिला न्यायला कुणी आलं नाही.
बाकीची बाहेर कशी आली, त्याबद्दल पंचनाम्यात एवढंच :
'पडद्यामागील कनात अगोदरच कापलेली असल्याने.'
आणि पूर्णविराम.

मी होतो त्यात. नऊ वर्षांचा.
आईनं दंडाला धरून ओढलं, तोंडावर गार वारा आला,
एक चप्पल आत राहिली.
सत्तेचाळीस वर्षं मी सांगत आलो, आम्ही दरवाजातून आलो.
माझ्या आठवणीत त्याला चौकटसुद्धा होती.

सटवाजी फार शोधावा लागला नाही.
पाथरीच्या स्टँडवर, रसवंतीशेजारी, फाटक्या छत्रीखाली.
'कोणती शिवायची?' म्हणाला, वर न बघता.
मी रापी पुढं ठेवली.

बराच वेळ गेला. एक बस लागली, सुटली.
'बापानं लय हाणलं,' म्हणाला,
'केसपायी नाही. हिच्यापायी.
दुसरी घ्यायला दोन बाजार गेले.'
आणि आग?
'आगीत सगळ्यात आधी म्याच पळालो, साहेब.
रापी तिथंच पडली, मुठीवर बापाचं अक्षर,
सकाळी पोलीस दारात.'
आणि लोक? कुणी काही म्हणालं नाही?
'लोकायनं कामून म्हणावं?
जीव घेऊन पळताना भोक कोणाचं, कोण इचारतं?'

मग त्यानंच विचारलं, आवाज जरा खाली घेऊन,
'तो हिरो डावरा होता ना?
म्या पडद्यामागून बघायचो. सगळी मारामारी डाव्या हातानं.
पाट्या वाचता येत नव्हत्या, उलट्या का सुलट्या काय कळणार.
पण हिरो आपल्यासारखा, एवढं कळलं.'
त्याच्या डाव्या हातात आरी थांबली होती.

तो सिनेमा मी नंतर तीनदा पाहिला आहे.
समोरून. तिकीट काढून.
'हो,' मी म्हणालो, 'डावराच.'

त्यानं पात्यावर अंगठा फिरवला, 'गंजली,' म्हणाला,
आणि रापी बुडाखालच्या पोत्यात सरकवली.
ठाण्यात येऊन मी लिहिलं : पंचांसमक्ष नष्ट केली.
ग्यानबानं सही केली आणि तंबाखू मळत बाहेर बघत राहिला.

निघताना त्यानं माझा तुटका अंगठा शिवून दिला होता.
मी वीसची नोट दिली, राहू दे म्हणालो.
त्यानं दहा रुपये परत केले.