तंबूचा माग

सगळ्यात आधी हवा सोडायची.
डांबर संपतं तिथे, पाण्याच्या शेवटच्या टाकीपाशी,
चाकांजवळ उकिडवं बसून
काडीने व्हॉल्व दाबून धरायचा.
बखीत म्हणाला, पंधरावर आण.
हुमैद म्हणाला, बारा.
मी काही न बोलता पंधरावर थांबवली
आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

बाप गेल्यापासून चाळीस दिवस
हे दोघं एकमेकांशी आकड्यांतच बोलतात.
इतक्या उंटिणी. इतके रियाल.
ह्या पिकअपचे, गंज धरून, इतके.
माझा वाटा त्यात कुठे बसतो
ते मी मोजते, बोलत नाही.

बापाच्या विहिरीला रस्ता नाही,
वाळू आहे.
चढाला विचार करायचा नसतो.
दुसरा गियर, पाय दाबून, थेट.
बॉनेटपुढे नुसतं आभाळ उरतं,
मग कड येते, आणि कडेवर
अर्ध्या श्वासापुरता पाय उचलायचा.
कमी उचलला तर पलीकडे असेल ते तुमचं.
जास्त उचलला तर गाडी पोटावर बसते.
बापाने हे मला शिकवलं.
हे दोघं तेव्हा सलालाला शाळेत होते,
आणि उंटांना पाणी पोचवायला
कुणीतरी लागायचंच.

तिसऱ्या टेकडीवर मी जास्त उचलला.

फावडी निघाली, फळ्या निघाल्या,
हुमैदचे पांढरे बूट निघाले.
उकरलं तेवढी वाळू परत आत येत होती,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखी.
सूर्य गेला. बखीतने फावडं रोवलं.
म्हणाला, आता सकाळी.

तंबू हुमैदचा. मस्कतहून आणलेला, नारिंगी,
खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र.
खुंट्या वाळूत शिरल्या दह्यात चमचा शिरावा तशा
आणि तशाच निघून आल्या.
पिशव्यांत वाळू भरून पूर, बखीत म्हणाला.
पुरल्यात, हुमैद म्हणाला.
चारांतल्या तीन पुरल्या होत्या.

भात झाला, डब्यातला मासा झाला,
दाताखाली कचकच झाली.
बखीत चाकाला टेकून पडला, मी चटईवर.
तंबूत कंदील लावून हुमैद बाहेर आला,
पाणी वाचवायचं म्हणून
वाळूवर तळवे टेकून तोंडावर फिरवले
आणि नमाजाला उभा राहिला.

वारा उत्तरेकडून आला तो न सांगता.
आधी एक कोपरा उचलला,
मग तंबू, पोटात पेटता कंदील घेऊन,
उतारावरून गडगडत निघाला,
खळग्यात एकदा थबकला,
आणि समोरची टेकडी चढू लागला.

नमाज पुरा करून हुमैद धावला.
मग बखीत, झगा कमरेला खोचून, शिव्या देत.
अंधारात नारिंगी उजेड लहान होत गेला
आणि त्याच्यामागून आवाज आला,
जो मी बापाच्या घरात लहानपणी ऐकला होता:
बखीतचं हसू, उचकी लागल्यासारखं.
मी उठले नाही.
डोळा कधी लागला कळलं नाही.

सकाळी दोघं गाडीखाली उकरत होते.
मी चहा ठेवला आणि माग बघत गेले.
बाप मागावरून सांगायचा, उंटीण कुणाची,
गाभण आहे का, रात्री कुठे बसली.
तंबूचा माग कुठल्याच जनावराचा नव्हता.
रुंद फराटा, मधूनच काहीच नाही, परत फराटा.
बाजूला पावलं.
इथे हुमैद पडला. इथे बखीत त्याच्या अंगावर.
इथे एकजण बसून राहिला, गुडघे पोटाशी घेऊन.
दुसरा समोर उभा, बराच वेळ,
भार एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या.
मग तोही बसला.
वाळू ओली नव्हती.
वाळू ओली राहत नाही, त्यावरून काही ठरत नाही.

परतीचे माग एकमेकांत मिसळलेले,
मधे काहीतरी ओढत आणलेलं.

उंटिणींचं काय ठरलं मी विचारलं नाही.
गाडी मोकळी झाली तसा बखीत माझ्या खिडकीशी आला,
मागच्या चाकाकडे बघत म्हणाला,
बाराच बरोबर होतं.
मला म्हणाला. हुमैदला नाही.